दार लावून घेतलेल्या महासत्तेने जगाशी कसे वागावे? चिंग चीनच्या निमित्ताने

गलबत (धागाकर्ता)

एखादे राष्ट्र इतके विशाल आणि स्वयंपूर्ण असेल, की त्याला बाहेरच्या कोणाकडून काहीच नको असेल, तर त्याने बाहेरच्या जगाशी कसे वागावे? काल्पनिक राज्यांच्या कथांवर बोलताना हा प्रश्न नेहमी निघतो आणि त्याची उत्तरेही काल्पनिकच राहतात. मला तो अठराव्या शतकातल्या चीनला विचारावासा वाटतो, कारण असे राष्ट्र तेव्हा खरोखर अस्तित्वात होते. छिएनलुंग बादशहाच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात चिंग साम्राज्याची लोकसंख्या सुमारे ३० कोटी होती. मंगोलिया, तिबेट आणि शिनजियांग त्याच्या अंमलाखाली होते. जगाने चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी न्यावीत आणि मोबदल्यात मुख्यतः चांदी द्यावी, अशी व्यापाराची रीत पडून गेली होती.

१४ सप्टेंबर १७९३ रोजी, बेजिंगच्या ईशान्येला जेहोल येथील उन्हाळी राजवाड्याच्या बागेत उभारलेल्या तंबूत, इंग्लंडच्या राजाचे वकील लॉर्ड मॅकार्टनी बादशहापुढे आले. हे गृहस्थ पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते. तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावण्याच्या प्रथेवरून कित्येक दिवस घोळ चालला होता आणि शेवटी त्यांनी एकच गुडघा टेकला. ही मुजऱ्याची कथा सर्वांना ठाऊक असते. मला त्यांच्या पाठीमागे झगा सावरत चालणारा मुलगा महत्त्वाचा वाटतो. उपवकील सर जॉर्ज स्टॉन्टन यांचा हा १२ वर्षांचा मुलगा इंग्लंडहून येतानाच्या लांबलचक समुद्रप्रवासात, नेपल्सच्या पाठशाळेत शिकलेल्या चिनी धर्मोपदेशकांकडून चिनी भाषा शिकला होता. आलेल्या मंडळींपैकी कोणाला आपली भाषा येते का, असे बादशहाने विचारले, तेव्हा त्याला पुढे करण्यात आले. त्याचे मोजके शब्द ऐकून ऐंशी ओलांडलेला तो वृद्ध सम्राट इतका प्रसन्न झाला, की त्याने स्वतःच्या कमरेची सुपारी ठेवण्याची चंची सोडून मुलाच्या हातात दिली.

हाच मुलगा मोठेपणी कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहिला. १८१० मध्ये त्याने चिंग कायद्याच्या संहितेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, १८१६ च्या दुसऱ्या इंग्रज शिष्टमंडळाबरोबर तो पुन्हा बेजिंगपर्यंत गेला, आणि १८४० मध्ये, जेव्हा ब्रिटिश पार्लमेंटात चीनविरुद्धच्या युद्धावर चर्चा झाली, म्हणजेच पहिल्या अफू युद्धावर, तेव्हा चीन जाणणारा सभासद म्हणून त्याने युद्धाच्या बाजूने भाषण केले. एका पक्षाने एक मुलगा तयार केला आणि सत्तेचाळीस वर्षे त्याच्या ज्ञानाचा उपयोग करून घेतला. दुसऱ्या पक्षाने त्याच भेटीत त्याला एक चंची दिली आणि इंग्रजी शिकण्यासाठी आपला एकही मुलगा बसवला नाही.

उलट, ज्यांना परकीयांची भाषा किंवा व्यवहार कळत होता त्यांच्यावर चीनमध्ये संशयाची नजर असे. १७५९ मध्ये कंपनीचा जेम्स फ्लिंट हा चिनी जाणणारा नोकर कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार घेऊन थेट उत्तरेला तिएनत्सिनला गेला. त्याला कँटनजवळच्या, पोर्तुगीजांच्या वस्तीच्या मकावमध्ये तीन वर्षे कैदेत ठेवण्यात आले, पण त्याचा अर्ज चिनीत लिहून देणाऱ्या चिनी माणसाचा शिरच्छेद झाला. परकीयांना चिनी शिकवणे हाही गुन्हाच होता.

माझे मत असे आहे, की दार कितपत उघडे ठेवायचे हे ठरवण्याचा महासत्तेला पूर्ण अधिकार आहे आणि ते बंद ठेवल्याबद्दल मी चिंग दरबाराला दोष देणार नाही. पण दाराबाहेर कोण उभे आहे हे सांगू शकणाऱ्या आपल्याच माणसांची वाचा त्या दरबाराने बंद केली, आणि पुढच्या दुर्दैवाचे मूळ मला तिथे दिसते. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

कोकणकडा

लेखातील मुलाचा प्रसंग फार परिणामकारक आहे, पण छिएनलुंगच्या नकाराचे समर्थन अधिक ठामपणे व्हायला हवे होते, असे मला वाटते. मॅकार्टनींच्या मागण्या पाहा. बेजिंगमध्ये कायमचा वकील, झौशान, निंगबो आणि तिएनत्सिन येथे व्यापाराची मुभा, कँटनजवळ एक जागा, आणि झौशानच्या जवळ माल व माणसे ठेवण्यासाठी एखादे लहानसे तटबंदीविरहित बेट. आपण मराठी माणसांनी तरी ही शेवटची मागणी निरागस मानू नये. ज्या वर्षी छिएनलुंगने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार एकट्या कँटन बंदरापुरता मर्यादित केला, त्याच वर्षी, १७५७ मध्ये, प्लासीची लढाई झाली, आणि त्यानंतर आठच वर्षांत कंपनीने बंगालची दिवाणी मिळवली. वखारीतून किल्ला आणि किल्ल्यातून मुलूख कसा होतो, हे पोर्तुगीजांनी आणि इंग्रजांनी आपल्याच किनाऱ्यावर दाखवून दिले होते.

'आम्हांला तुमच्या देशातील कारागिरीची गरज नाही' या आशयाचे बादशहाचे पत्र वाचून पाश्चात्त्य लेखकांनी त्याला गर्विष्ठ आणि अज्ञानी ठरवले. तो अज्ञानी मुळीच नव्हता. त्याच्या महालांत युरोपीय घड्याळांची रीघ होती आणि जेझुइट पाद्री त्याच्या पदरी चित्रकार व ज्योतिषी म्हणून काम करत होते. त्याने जाणूनबुजून नकार दिला, आणि माझ्या मते तो योग्यच होता.

तागडी

कापडाच्या व्यवसायामुळे मला ग्वांगझौला अनेकदा जावे लागले आहे. शहराच्या जुन्या भागात 'शिसानहांग', म्हणजे 'तेरा पेढ्या', या नावाचा रस्ता आजही आहे. पहाटेपासून तिथे तयार कपड्यांचा घाऊक बाजार भरतो. माणसाच्या कमरेएवढी गाठोडी लादलेल्या हातगाड्या एकमेकींना घासत जातात आणि बाजूला उभे राहायलासुद्धा जागा मिळत नाही. परदेशी वखारी या परिसरातच, नदीच्या काठी होत्या. १८५६ च्या आगीत त्या नाहीशा झाल्या. तिथून चालताना मला नेहमी एकाच गोष्टीचे नवल वाटते. तीस कोटींचे साम्राज्य आणि युरोप यांच्यातला सगळा अधिकृत सागरी व्यापार एवढ्याशा पट्टीतून होत असे.

परदेशी व्यापाऱ्याला तिथे फक्त हंगामापुरते राहता येई, हंगाम संपला की मकावला परत जावे लागे, बायका आणता येत नसत, आणि शहराच्या तटाच्या आत पाऊल टाकता येत नसे. त्याने व्यवहार करायचा तो सरकारमान्य चिनी पेढीवाल्यांशीच. प्रत्येक जहाजासाठी अशा एका पेढीवाल्याला हमीदार व्हावे लागे. आता हमीदार म्हणजे काय, हे व्यापारात असलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. खलाशाने दंगा केला, जकात थकली किंवा मनाई असलेला माल सापडला, तर दंड हमीदाराला. एखादा पेढीवाला परदेशी कर्जात बुडाला, तर त्याचे कर्ज इतर पेढीवाल्यांनी मिळून फेडायचे. यांतला सर्वांत मोठा व्यापारी हौक्वा जगातील सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता, आणि तोही कायम या टांगत्या तलवारीखाली राहिला.

मला धागाकर्त्यांच्या मुद्द्यात इथे भर घालावीशी वाटते. इंग्रजांना, त्यांच्या जहाजांना आणि त्यांच्या भांडणांना साऱ्या चीनमध्ये सर्वांत जवळून ओळखणारी माणसे म्हणजे हे पेढीवाले आणि त्यांचे दुभाषे. पण वाईट बातमी वर कळवली की तिचा भुर्दंड कळवणाऱ्यावरच पडणार, अशी व्यवस्था असल्यावर कोण कळवील? त्यांच्या वरचा जकात अधीक्षक थोड्या वर्षांच्या नेमणुकीवर आलेला असे, त्याला बादशाही खासगीकडे ठरलेल्या रकमा पाठवायच्या असत, आणि त्यालाही आपल्या मुदतीत कसलेच बालंट नको असे. अशा रीतीने प्रत्येक पायरीवरून 'सर्व आलबेल आहे' एवढेच वर जात राहिले. माणसे अप्रामाणिक होती असे मी म्हणणार नाही. खरे बोलण्याची किंमत त्यांना परवडणारी नव्हती.

सांजवात

वरील प्रतिसाद वाचून समाधान वाटले. एक शंका आहे. चिंग दरबार सर्वच दिशांना असा बंद होता का? मध्य आशियात तर त्यांनी प्रचंड विस्तार केला होता.

हिमशिखर

सांजवात यांची शंका अगदी योग्य आहे. चिंग साम्राज्य बंदिस्त होते, ही समजूत फक्त समुद्राकडून पाहिले तरच टिकते. उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे या दरबाराला दूरवरची खडान्‌खडा माहिती असे. १६८९ चा रशियाशी झालेला नेर्चिन्स्कचा तह जेझुइटांच्या मदतीने लॅटिन भाषेत लिहिला गेला. १७०८ मध्ये बेजिंगमध्ये रशियन भाषेची पाठशाळा निघाली. १७१२ मध्ये निघालेले चिनी शिष्टमंडळ रशियातून प्रवास करत व्होल्गा नदीपर्यंत गेले, आणि १७२९ नंतर चिनी वकील मॉस्को व सेंट पीटर्सबर्गला जाऊन आले. म्हणजे वकील पाठवणे, भाषा शिकणे, परकी राज्य आतून पाहून येणे, हे सारे त्यांना जमत होते.

माझ्या दृष्टीने खरा घोटाळा दिशांच्या मधल्या भिंतीत होता, आणि त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या हिमालयातले आहे. गुरख्यांनी तिबेटवर स्वारी केल्यामुळे १७९२ मध्ये चिंग सैन्य काठमांडूच्या जवळ येऊन ठेपले. तेव्हा तिबेटमधील अधिकाऱ्यांच्या कानावर वारंवार एक नाव पडत होते, 'पिलेंग'. बंगालमध्ये राज्य करणारी, दक्षिणेला बसलेली एक बलाढ्य जमात, अशी त्यांची त्या नावाची कल्पना होती. या मोहिमेच्या चिनी सेनापतीने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलशी पत्रव्यवहारही केला. हे 'पिलेंग' म्हणजे कोण? आपण मराठीत ज्याला 'फिरंगी' म्हणतो, तोच फारसी शब्द तिबेटी उच्चारातून चिनी लेखणीत उतरला, असे अभ्यासक मानतात. आणि त्याच वेळी कँटनच्या कागदपत्रांत 'यिंगजिली' नावाचे समुद्रावरून येणारे व्यापारी होते. ते म्हणजे इंग्लिश.

दोन्ही एकच होते. १७९३ च्या सुमारास ही दोन नावे काही काळ एकमेकांच्या जवळ आली होती, कारण तिबेटच्या लढाईत इंग्रजांनी गुरख्यांना मदत केल्याचा संशय मॅकार्टनींपुढे बोलून दाखवला गेला आणि ते चकित झाले. पण ती गाठ कोणी पक्की मारून ठेवली नाही. तिबेटचा कागद एका कपाटात राहिला आणि कँटनचा दुसऱ्या. पुढे १८४० मध्ये, इंग्रजांची जहाजे चीनच्या किनाऱ्यावर लढत असताना, नेपाळच्या दरबाराने ल्हासातील चिनी अधिकाऱ्यांना कळवले, की आम्ही 'पिलेंग' लोकांच्या मुलखावर चालून जायला तयार आहोत. ल्हासातल्या अधिकाऱ्याला हे 'पिलेंग' म्हणजे कँटनचा शत्रूच, हे ठाऊकच नव्हते. ही परक्या लोकांची आपसांतली भांडणे आहेत, असे समजून तो प्रस्ताव बाजूला सारला गेला. नंतर वेई युआन या विद्वानाने हे दोन्ही कागद एकत्र वाचले आणि या चुकीवर बोट ठेवले, तोपर्यंत युद्ध हरून झाले होते.

नेपाळच्या मदतीने युद्धाचा निकाल बदलला असता, असा माझा दावा नाही. परंतु एकच शत्रू दोन दारांतून दोन नावांनी येतो आणि राजधानीत कोणीही त्या दोन नावांखाली एक रेघ ओढत नाही, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

मोडीवाचक

चर्चा अतिशय उत्तम चालली आहे, पण माझा मूळ सिद्धांतावरच आक्षेप आहे. माहिती असती तर चीन वाचला असता, असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. मग पुणे दरबाराचे काय? नाना फडणिसांची बातमी काढण्याची यंत्रणा प्रसिद्ध होती. ठिकठिकाणच्या दरबारांत त्यांचे वकील बसलेले होते, अखबार येत होते, आणि १७८६ पासून इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट खुद्द पुण्यात असल्यामुळे शत्रूचा माणूस रोज डोळ्यांसमोर होता. इंग्रज काय चीज आहे, हे त्या काळात नानांइतके ओळखणारे हिंदुस्थानात फार थोडे असतील. तरीही १८०० मध्ये नाना वारले, १८०२ मध्ये वसईचा तह झाला आणि १८१८ मध्ये सारे संपले. ओळखणे आणि तोंड देणे यांत फार मोठे अंतर आहे. घराण्यातल्या दुहीवर, रिकाम्या खजिन्यावर आणि कवायती फौजेच्या अभावावर चांगली बातमीपत्रे हा उपाय होत नाही.

माळवी_वाट

या विषयात एक दुवा राहून जात आहे आणि तो आपला आहे. चीनची चांदी ज्या अफूमुळे उलट वाहू लागली, त्यातली बरीच अफू माळव्यातली, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली होती. आरंभी ती मोठ्या प्रमाणात दमणमार्गे आणि नंतर मुंबई बंदरातून जहाजांवर चढत असे. मुंबईतील अनेक व्यापारी घराण्यांची भरभराट चीनच्या कापूस आणि अफू व्यापारातून झाली. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यांतले सर्वांत मोठे नाव, आणि त्यांच्या देणग्यांतून उभी राहिलेली इस्पितळ आणि कलाशाळा आजही आपण वापरतो.

जून १८३९ मध्ये लिन झशू या चिनी अधिकाऱ्याने हूमेनच्या किनाऱ्यावर खंदक खणून, त्यांत मीठ आणि चुना टाकून, २०,००० हून अधिक पेट्या अफू पाण्यात विरघळवली आणि भरतीओहोटीबरोबर समुद्रात सोडली. समुद्र विटाळणार म्हणून त्याने आधी समुद्रदेवतेची क्षमा मागितली होती. महासत्तेने जगाशी कसे वागावे, हे विचारताना जग तिच्याशी कसे वागले, हेही मांडले गेले पाहिजे. दार कितीही शहाणपणाने राखले, तरी किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून रात्री होड्यांनी विष आत येणारच होते.

गलबत (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोकणकडा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ते बेट नाकारणे योग्यच होते आणि ते दिले असते, तर हाँगकाँग पन्नास वर्षे आधी झाले असते. माळवी_वाट यांनी लिहिलेले वाचून मान खाली गेली, आणि ती जायलाच हवी.

मोडीवाचक यांच्या आक्षेपावर मी दोन दिवस विचार केला. पुण्याचे उदाहरण खरे आहे, पण पुण्याकडे जे नव्हते ते बेजिंगकडे होते, आणि ते म्हणजे अवधी. नाना इंग्रजांना ओळखत होते, तेव्हा इंग्रज आधीच मुंबई, मद्रास आणि बंगालमध्ये बसलेले होते आणि मराठी सरदारांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना होती. छिएनलुंगजवळ मात्र एकसंध साम्राज्य होते, भरलेला खजिना होता, आणि मॅकार्टनींच्या भेटीपासून पहिल्या अफू युद्धापर्यंत तब्बल ४६ वर्षे होती. इतक्या वर्षांत मुलगा जन्मून, शिकून, परदेशी राहून, परत येऊन मंत्री होऊ शकतो. ज्याच्याकडे सवड आहे त्याच्या हातातली माहिती आणि ज्याच्या गळ्याशी आले आहे त्याच्या हातातली माहिती, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि स्वयंपूर्ण महासत्तेकडे सवड भरपूर असते. म्हणूनच तिने ती वाया घालवणे मला अधिक अक्षम्य वाटते.

मला विचाराल, तर त्या दरबाराने १७९३ मध्ये मॅकार्टनींना सन्मानाने निरोप द्यायला हवा होता, एकही बंदर उघडायला नको होते, आणि त्याच जहाजांतून आपले चार तरुण लंडनला पाठवायला हवे होते. रशियन पाठशाळेच्या शेजारी इंग्रजीची पाठशाळा काढायला हवी होती. कँटनच्या पेढीवाल्यांकडून हमी घ्यायची असेल तर घ्यावी, पण बातमी देणाऱ्याला त्या हमीतून मोकळे करावे, आणि तिबेट, शिनजियांग व कँटन येथून येणारे कागद एकाच टेबलावर वाचणारे एखादे खाते असावे. यांतले काहीही त्या दरबाराच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. हिमशिखर यांनी दाखवल्याप्रमाणे, दुसऱ्या दिशेला तो यांतले बरेचसे करत होता.

त्याऐवजी काय झाले? मे १८४२ मध्ये, युद्ध तीन वर्षे चाललेले असताना, दाओग्वांग बादशहाने हुकूम काढून पकडलेल्या इंग्रजांना काय विचारायचे ते कळवले. इंग्लंड किती दूर आहे, तिथून शिनजियांगला खुश्कीचा रस्ता आहे का, आणि बावीस वर्षांची बाई त्यांची राणी कशी झाली, तिचे लग्न झाले आहे का. त्यानंतर तीनच महिन्यांत नानजिंगचा तह होऊन पाच बंदरे उघडली आणि हाँगकाँग गेले. इंग्रजी शिकवणारी सरकारी पाठशाळा १८६२ मध्ये निघाली.

लंडनमध्ये राहणारा पहिला चिनी वकील, ग्वो सोंगताओ, १८७७ मध्ये तिथे पोहोचला, मॅकार्टनींनंतर ८४ वर्षांनी. वाटेत जे दिसले ते त्याने रोजनिशीत प्रामाणिकपणे लिहिले. या परकीयांचेही स्वतःचे जुने, सुव्यवस्थित राज्यशास्त्र आहे आणि आपण ते समजून घेतले पाहिजे, असा तिचा सूर होता. परराष्ट्र खात्याने ती छापली. विद्वानांत एवढा क्षोभ उसळला, की दरबाराच्या हुकमाने तिचे छपाईचे लाकडी ठसे नष्ट करण्यात आले, आणि १८७९ मध्ये परत आलेला ग्वो बेजिंगला न जाता आपल्या गावी हूनानला निघून गेला.